कॅमेरा घेण्याआधी हार्ड डिस्क मोजा

वाचकांचे प्रश्न

सिनेमा कॅमेऱ्याविषयी प्रश्न मागवले तेव्हा जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच कॅमेरा आहे, २०१८ साली बाजारात आलेला ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के. वापरलेला असला तर तो आवाक्यात येतो, आणि चित्र खरंच सिनेमाचं देतो. पण बॅटरी, ऊन, फोकस आणि शूटनंतरचा डेटा या चार ठिकाणी तो अडवतो. उत्तरं याच कॅमेऱ्याला धरून दिली आहेत. दुसरा कॅमेरा असला तर आकडे बदलतील, हिशेबाची पद्धत हीच राहील.

प्रश्न : लघुपट आणि अहिराणी गाणी करतो. सध्या मिररलेस कॅमेरा आहे. पॉकेट ४के वापरलेला मिळतोय, घ्यावा का? लग्नाच्या ऑर्डरीही त्यावरच काढायच्या आहेत. (जळगाव)

लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेऊ नका, हे आधीच सांगतो. चेहऱ्यामागे धावणारा ऑटोफोकस या कॅमेऱ्यात नाही. बटण दाबलं की एकदा फोकस लागतो आणि नवरदेव दोन पावलं पुढे आला की सुटतो. हाताची थरथर शोषणारी यंत्रणा आत नाही, मागचा पाच इंची स्क्रीन वळत नाही, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. बॅटरी एलपी-ई६ जातीची. ती साधारण १४ वॅट-तासांची असते आणि कॅमेरा २० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे ४० मिनिटांत बॅटरी संपली. वरात मांडवात पोचेपर्यंत तुम्ही तिसऱ्या बॅटरीवर असाल. लग्नाला तुमचा मिररलेसच बरा, तो विकू नका.

लघुपटाची गोष्ट वेगळी. तिथे शॉट ठरवून लावला जातो, फोकस हाताने ओढला जातो आणि कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा खांद्याच्या रिगवर असतो. तिथे १२ बिट रॉचा, म्हणजे सेन्सरकडून जवळपास जसाच्या तसा आलेल्या डेटाचा, फायदा दिसतो. सावलीतला सावळा चेहरा ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग-उजेड सुधारताना, उचलला तरी त्यावर डाग पडत नाहीत, रंगांच्या पायऱ्या दिसत नाहीत. बॅटरीवर उपाय म्हणजे ९५ वॅट-तासांची व्ही-माउंट बॅटरी आणि तिच्यापासून कॅमेऱ्याच्या १२ व्होल्टच्या पिनपर्यंतची केबल. यावर चार तास सहज निघतात.

लेन्सचा विचार आधी करा. सेन्सर १८.९६ मिलिमीटर रुंद आहे, फुलफ्रेमच्या जवळपास निम्मा. २५ मिलिमीटरची लेन्स इथे ४८ सारखी वागते. धाब्याच्या घरात, बारा बाय बाराच्या खोलीत चूल, माय आणि दार एका चौकटीत घ्यायचं तर १२ मिलिमीटरची लेन्स लागेल. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरा.

वापरलेला कॅमेरा बघायला जाताना स्वतःची एसएसडी आणि केबल घेऊन जा. लेन्सवर टोपण लावून आयएसओ ३२०० ला एक मिनिट रेकॉर्ड करा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर लाल-निळे ठिपके शोधा. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा शॉट घ्या, सेन्सरवरचा ओरखडा असला तर दिसेल. मग एसएसडीवर सलग अर्धा तास रेकॉर्ड करा आणि मधूनच यूएसबी-सीची पिन हलकेच हलवून बघा. हे भोक वापराने झिजतं. तिथे सैल असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. आणखी एक. हा कॅमेरा नवा घेताना त्यासोबत दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग-ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीची की येते, आणि ती एका वेळी दोन कॉम्प्युटरवर चालते. विकणाऱ्याकडे ते कार्ड मागा, आणि त्याच्या मशीनवरची की त्याला बंद करायला लावा.

प्रश्न : रावेरजवळ केळीच्या बागेत भर दुपारी गाणं शूट केलं. नायिकेचा चेहरा हिरवट आला, बापाचा काळा कोट लालसर तपकिरी झाला आणि पानांच्या फटीतलं आकाश पांढरंफटक. स्वस्तातला एनडी फिल्टर लावला होता. ग्रेडिंगमध्ये निघेल का? (रावेर)

तीन वेगळे दोष आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत.

आधी कोट. आयएसओ ४०० ला कडक उन्हात बरोबर एक्स्पोजर साधारण एफ/१६ आणि १/४०० सेकंद. तुम्ही २५ फ्रेमला १/५० चं शटर ठेवलं असेल, म्हणजे तीन स्टॉप उजेड जास्त झाला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). लेन्स एफ/४ वर उघडली असेल, तर आणखी चार. एकूण सात स्टॉप उजेड अडवायचा होता. एनडीवर ०.३ म्हणजे एक स्टॉप, तेव्हा फिल्टर हवा २.१ चा. साधा एनडी डोळ्यांना दिसणारा उजेड अडवतो, अवरक्त किरण मात्र बरेचसे जाऊ देतो. फिल्टर जितका गडद तितकं अवरक्तचं प्रमाण वाढत जातं, आणि या कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरची काच ते पुरतं रोखत नाही. काळं कापड, विशेषतः पॉलिस्टर, अवरक्त किरण परतवतं आणि सेन्सर त्याची नोंद लाल म्हणून करतो. ग्रेडिंगमध्ये हा लाल काढायला गेलात की ओठ आणि गालही त्यासोबत जातात. कोटापुरता मास्क लावून, रंग उतरवून कामचलाऊ सुधारेल, पण प्रत्येक शॉटला ट्रॅक करावं लागेल. पुढच्या वेळी आयआर-एनडी घ्या, म्हणजे अवरक्तही अडवणारा. वेगळा आयआर-कट फिल्टर लावणार असाल तर अगदी वाइड लेन्सवर कडेला हिरवी झाक येते का, ते आधी तपासा. व्हेरिएबल एनडी शेवटच्या टोकापर्यंत फिरवला तर चौकटीत फुलीसारखा काळा पट्टा उमटतो, तो तर कशानेच निघत नाही.

चेहरा हिरवट होण्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. केळीच्या पानातून गाळून येणारा उजेडच हिरवा असतो. वरून पान, बाजूला पान, खाली ओलसर काळी माती. चेहऱ्यावर पांढरा उजेड पडायला जागाच नाही. टिंट मॅजेंटाकडे सरकवलात तर चेहरा सुधारतो आणि फटीतून आलेले उन्हाचे तुकडे गुलाबी होतात. हे शूटलाच सोडवायचं. दोन ओळींमधल्या पाटाच्या मोकळ्या जागेत, जिथे ऊन थेट पडतं, तिथे चार बाय चार फुटांचं पांढरं थर्माकोल किंवा ताणून बांधलेली पांढरी चादर धरा आणि तो उजेड नायिकेच्या चेहऱ्यावर पाठवा. दुसऱ्या बाजूच्या पानांसमोर काळं कापड टांगा, म्हणजे तिकडून येणारा हिरवा तुटतो. चादर एक वीत तिरकी केली की गालावरचा हिरवा जाऊन कातडीचा रंग परत येतो, हे मॉनिटरवर लगेच दिसतं. साध्या वस्तूंनी उजेड किती वळवता येतो हे बघायचं असेल तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी जपलेली टेबल-टॉप छायाचित्रं वेळ काढून पाहून या. फिल्टरवर पैसे घालण्याआधी ते केलेलं बरं.

आकाशाचं उत्तर थोडक्यात आहे. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल भरून गेले असतील तर त्यात काहीच उरलेलं नाही. एखादाच भरला असेल तर कॅमेरा रॉच्या पॅनलमधलं हायलाइट रिकव्हरी थोडा आकार परत देईल. शूटला फॉल्स कलर, म्हणजे उजेडाची पातळी रंगांनी दाखवणारी सोय, चालू ठेवा. त्यात हिरवा म्हणजे मधला करडा आणि गुलाबी म्हणजे त्याच्यावर एक स्टॉप. आपल्याकडचा सावळा चेहरा या दोन रंगांच्या दरम्यान ठेवा आणि लाल, म्हणजे भरून गेलेला भाग, कुठे उमटतो ते बघा. लाल फक्त दोन-चार फटींत असेल तर चालेल, चेहऱ्यामागे सलग पट्टा असेल तर कॅमेरा दोन हात सरकवून तिथे पान आणा. आणि शक्य असेल तर गाणं सकाळी सात ते नऊ किंवा साडेचारनंतर लावा.

प्रश्न : आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची गाणी उन्हातच शूट करावी लागतात. भुसावळच्या उन्हात कॅमेरा बंद पडेल का? (भुसावळ)

बहुतेक कॅमेऱ्यांना ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवायची हमी असते, आणि आखाजीच्या सुमारास आपल्याकडे पारा त्याच्या वर जातो. काळं अंग उन्हात ठेवलं की आतलं तापमान आणखी चढतं. कॅमेऱ्यावर पांढरी छत्री कायम ठेवा, पण कापड गुंडाळू नका. पंख्याची हवा खालच्या-वरच्या जाळीतून फिरते, ती झाकली की उलट तापतो. ओलं फडकं तर नकोच. दोन टेकच्या मध्ये कॅमेरा बंद करा. एसएसडी खालच्या बाजूला, सावलीत बांधा, कारण तापली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो आणि फ्रेम गळतात. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही, त्यासाठी हूड लागेल.

प्रश्न : काठी गावची होळी शूट करायची आहे. लाइट लावता येणार नाही. आयएसओ किती ठेवू? (अक्कलकुवा)

या कॅमेऱ्यात आयएसओची दोन सर्किटं आहेत. १०० ते १००० एक, १२५० पासून वर दुसरं. पहिल्याचं मूळ ४००, दुसऱ्याचं ३२००. रॉ असलं तरी सर्किट नंतर बदलता येत नाही. १००० वर शूट करून एडिटला ३२०० करू म्हणाल तर तो पर्यायच दिसणार नाही. रात्री सरळ ३२०० वर राहा. सावली त्यात स्वच्छ राहते आणि हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण नॉइज काढायचं साधन रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत नाही.

लेन्स एफ/१.८ किंवा एफ/२ ची घ्या. ज्वाळा पांढरी होणारच, ती होऊ द्या, एक्स्पोजर चेहऱ्याचं लावा. आग थेट मागे ठेवून नाचणाऱ्यांचे मोरपिसांचे टोप घेतलेत तर ते काळे पडतील. आग त्यांच्या मागे, पण एका बाजूला तिरकी येईल अशी जागा धरा, पिसांची कड चमकते. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनला बांधून ठेवा, आगीचा केशरी पुसू नका. इकडून तिकडे झपकन पॅन केलात तर उभे बांबू तिरपे दिसतील, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून. सावकाश फिरवा. तिथे व्रत पाळून नाचणारी माणसं असतात. कॅमेरा चेहऱ्याशी नेण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारा.

प्रश्न : २० मिनिटांचा लघुपट आहे. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. टाइमलाइन अडकते, मध्येच ग्राफिक्स मेमरी भरल्याचा संदेश येतो. कोणतं कॉम्प्रेशन ठेवू आणि हार्ड डिस्क किती घेऊ? (धुळे)

हा प्रश्न कॅमेरा घेण्याआधी प्रत्येकाने विचारावा असा आहे.

३८४० बाय २१६० च्या एका फ्रेमचा १२ बिट डेटा सुमारे १२.४ एमबी होतो. २५ फ्रेमला सेकंदाला ३११ एमबी. ८:१ कॉम्प्रेशन लावलं की ३९ एमबी, म्हणजे तासाला १४० जीबी. ५:१ ला तासाला २२४, ३:१ ला ३७३, १२:१ ला ९३. लघुपटाला दहास एक असं प्रमाण धरा, म्हणजे २०० मिनिटांचं फुटेज. ८:१ ला ते ४७० जीबीच्या आसपास जातं. आमचं मत स्पष्ट आहे, लघुपट ८:१ वर करा. ३:१ आणि ८:१ मधला फरक पडद्यावर शोधावा लागतो, डिस्कवर शोधावा लागत नाही.

कार्डाचा हिशेबही याच आकड्यावरून करा. एसडी कार्डावरचं व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबीची हमी, तेव्हा ३९ साठी ते अपुरं. व्ही६० चालेल, ५:१ ला मात्र व्ही९० लागेल. एसएसडी घेताना स्वस्तातली टाळा. काही एसएसडी सुरुवातीचा थोडा भाग वेगाने लिहितात आणि तो भरला की एकदम मंदावतात. म्हणून नवी एसएसडी घरी पूर्ण भरेपर्यंत एकदा रेकॉर्ड करून पाहायचीच. कॅमेऱ्यात फ्रेम गळाली तर रेकॉर्डिंग थांबवायची सेटिंग आहे, ती चालू ठेवा. टेक पुन्हा घेता येतो. एडिटला बसल्यावर गळालेली फ्रेम दिसली तर काही करता येत नाही. विंडोजवर काम करणारे एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करतात. रेकॉर्डिंग चालू असताना केबल निसटली तर एक्सफॅटमध्ये एका क्लिपवर निभावेलच असं नाही, म्हणून केबलला क्लॅम्प लावा. रबरबँडवर विसंबू नका.

डेटा रोजच्या रोज उतरवा. तीन दिवसांचं शूट असेल तर दिवसाला साधारण १५५ जीबी. साध्या फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला ११० एमबी धरले तर एका कॉपीला २४ मिनिटं. कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर करा. फाइल ओढून टाकण्यापेक्षा रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवरचं क्लोन टूल वापरा, ते कॉपी मूळ फाइलशी ताडून बघतं. दुसरी कॉपी उघडून तीन क्लिप चालवून पाहिल्याशिवाय एसएसडी फॉरमॅट करू नका. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत गावी नेऊ नका.

आता अडकणं. फिरत्या डिस्कवरून रॉचा एक थर चालेल, दोन थर आणि उड्या आल्या की डिस्क धापा टाकते. मीडिया पूलमध्ये सगळ्या क्लिप निवडा, उजवं क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. प्रॉक्सी म्हणजे एडिटपुरत्या हलक्या नकला. आकार निम्मा, फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी. २०० मिनिटांच्या प्रॉक्सी सुमारे ५५ जीबी होतात, त्या लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवा. रात्री लावून झोपा, पण लाइट जाते त्या भागात यूपीएसवर. टाइमलाइन १९२० बाय १०८० ची ठेवा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कॅमेरा रॉचं डिकोड क्वार्टरवर, म्हणजे पाव रिझोल्यूशनवर, आणा. ग्राफिक्स मेमरी भरते ती बहुतेक वेळा पूर्ण ४के टाइमलाइनवर नोडांचा, म्हणजे ग्रेडिंगच्या टप्प्यांचा, ढीग लावल्याने. आधी कट पक्का करा, मग ग्रेड करा, टाइमलाइन मोठी करायची ती अगदी शेवटी.

आणि इथेच अनेकांचा घात होतो. क्वार्टर डिकोड तसाच राहून फायनल रेंडर निघतो आणि चित्र मऊ दिसतं, दोष लेन्सला दिला जातो. डिलिव्हर पेजवर प्रगत सेटिंगमध्ये फोर्स डिबेअर टू हायेस्ट क्वालिटी चालू आहे आणि यूझ प्रॉक्सी मीडिया बंद आहे, हे रेंडर मारण्याआधी वाचून घ्या. फुकट आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंतच काढते, म्हणून शूटही त्याच आकारात ठेवलेलं सोपं.

खरेदीची यादी करायची तर १ टीबीची चांगली एसएसडी, १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि लॅपटॉपमध्ये दीडशे जीबी मोकळी जागा. पैसे कमी पडत असतील तर लेन्स भाड्याने आणा, दुसरी डिस्क मात्र विकतच घ्या.

प्रश्न : गाण्याला सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी सुटतात. का? (चाळीसगाव)

चार मिनिटांत पाच-सहा फ्रेम सुटत असतील तर कॅमेरा २३.९८ वर होता आणि टाइमलाइन २४ ची आहे. हजारात एकाचा फरक, २४० सेकंदांत पाव सेकंद. रिझॉल्व्हमध्ये मीडिया आत आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, म्हणून नवा प्रोजेक्ट करून आधी रेट ठरवा. मोबाइलचा शॉट मिसळला असेल तर त्याचा फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो, तो आधी ठरावीक रेटला बदलून घ्या.

सगळीकडे सारखाच फरक असेल तर कारण स्पीकरचं अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि कलाकार शेताच्या त्या बांधावर ३४ मीटरवर असतील तर त्यांना गाणं अडीच फ्रेम उशिरा ऐकू येतं. स्पीकर त्यांच्या पायाशी ठेवा आणि लांबच्या शॉटमध्ये जुळवणी ओठ बघून करा.

प्रश्न : आमचा लघुपट तालुक्याच्या थिएटरमध्ये एका शोला दाखवायचा आहे. पेनड्राइव्हवर एमपी४ नेला तर चालेल का? (अमळनेर)

डिजिटल प्रोजेक्टरच्या सर्व्हरला डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीचं डिजिटल सिनेमा पॅकेज, लागतं. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते बनवून देतं. चौकट फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८०, नाहीतर स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८. तुमचं १६:९ चित्र फ्लॅटमध्ये बसवलं की दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या राहतात, ते चालतं. चित्राच्या डेटाचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट, म्हणजे २० मिनिटांना चित्राची फाइल ३७.५ जीबीच्या पुढे जात नाही.

फ्रेम रेट २४ ठेवा. जुने सर्व्हर २५ ला अडतात, आणि २५ चं २४ केलं की चित्रपट चार टक्के लांबतो, आवाज जाड होतो. थिएटरचा विचार असेल तर शूटच २४ वर करा आणि शटर १७२.८ अंश ठेवा. हा विचित्र आकडा यासाठी की त्याने शटर बरोबर १/५० होतं, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे ट्यूब-बल्ब फडफडत नाहीत.

संवाद मधल्या चॅनलला टाका. फक्त डावा-उजवा दिलात तर कडेच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना संवाद जवळच्या स्पीकरमधूनच ऐकू येतो. यूट्यूबसाठी जोरात बांधलेला साउंड थिएटरमध्ये कानाला लागतो, तिथला मिक्स वेगळा. अहिराणीखाली मराठी उपशीर्षकं देत असाल तर ती चित्रातच पक्की छापा आणि ‘ष्ट्र’, ‘क्त’, ‘र्‍या’ ही जोडाक्षरं फुटली नाहीत ना ते मोठ्या आकारात बघा.

डिस्क सर्व्हरला वाचता येईल अशी ईएक्सटी२ मध्ये लिहा, ते साधन डीसीपी-ओ-मॅटिकसोबतच येतं. शो संध्याकाळी असेल तर सर्व्हरवर सकाळीच चढवा. सुरुवातीची पाच मिनिटं, सगळ्यात अंधाराचा प्रसंग आणि शेवटची नावं एवढं चालवून घ्या. अंधाराचा प्रसंग मधल्या रांगेत बसून पाहा, संवाद मात्र उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन ऐका.